कडीला चामडं लावलेलं वाण

ये, अशी जवळ ये बघू. कागदावरच का होईना, पण जवळ ये, म्हणजे कान धरायला बरं पडेल. अबू धाबी ते शारजा म्हणजे काय सातासमुद्रापार आहे का गं? तुझी आई रत्नागिरीहून विमानात बसून दोनदा येऊन गेली, आणि तुला गाडीतून दीड तास यायला जड होतं. "मावशी, या वीकेंडला नक्की," म्हणतेस. तुझे वीकेंड कुठे जातात ते तुझं तुलाच ठाऊक. संक्रांत झाली, रथसप्तमी झाली, होळीच्या पोळ्या खाऊन झाल्या, आता एसी रात्रंदिवस चालू ठेवायचे दिवस आले, तरी तुझं वाण माझ्या कपाटावर तसंच पडलंय. चपटं. हो, चपटंच. का ते सांगते, पण मधे मधे बोलायचं नाही.

आमच्या बिल्डिंगच्या रिसेप्शनवर बसायची ती आठवते तुला? उंच, गालावर बारीक खूण असलेली, निळा शर्ट आणि टोपी? तू मागे आली होतीस तेव्हा पार्किंग नव्हतं, तर तिनेच तुझी गाडी कोपऱ्यात लावून घेतली होती. ती घानाची. घाना म्हणजे आफ्रिकेतला देश, हे मला तिच्यामुळे कळलं, आणि त्याच्याही अगदी वरच्या, कोरड्या भागातलं तिचं खेडं. इथे सिक्युरिटीच्या कामाला आली होती.

तर आमची ओळख झाली वातींवरून. संध्याकाळी नातीची स्कूलबस यायची, ती दुबईतल्या ऊद मेथाहून ट्रॅफिकमधून इथे अल नहदापर्यंत येते, म्हणजे कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. वर बसून काय करायचं? मी खाली लॉबीत सोफ्यावर कापसाची पिशवी घेऊन बसायची आणि वाती वळायची. देवालाही होतात आणि अल मनखूलच्या दुकानात विकत मिळतात त्या मला आवडत नाहीत, अर्ध्यातच विझतात. एके दिवशी बघते तर टेबलाच्या मागे हिचेही हात चाललेत. पार्सलच्या खोक्यांना त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात ना, बांधायच्या, त्या तिने उभ्या चिरलेल्या आणि त्यांची विणून छोटीशी चकती केलेली, चहाचा कप ठेवायची. वरून इतकी शांत बसलेली की कुणाला पत्ता लागू नये.

मी उठून गेले. म्हटलं, "मला दाखव."

ती घाबरली. म्हणाली, "मम्मा, सुपरवायझरला सांगू नका."

"सुपरवायझर काय माझा जावई लागतो?" म्हटलं. हे मी हिंदीत म्हटलं, ती इंग्रजीत बोलली. आमचं सगळं असंच चालायचं. तिचं इंग्रजी, माझं मोडकं हिंदी, मधे एखादं अरबी यल्ला, एखादं खलास. इथे मी मराठीत लिहितेय, पण तू समजून घे.

मग तिने माझी वात हातात घेतली, नीट बघितली, आणि म्हणाली, "हे तर आमचंच काम." कापूस घेतला, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली, नडगीवर ठेवला आणि ओल्या तळव्याने एकदाच वरून खाली असा वळला. अगं, वात कसली, सुतळीच ती! इतकी घट्ट पिळलेली. घरी जाऊन मी ती समईत लावली तर तेल चढेना. दुसऱ्या दिवशी सांगितलं तिला, "तुझ्या वातीने देवाला अंधारात ठेवलं." ती इतकी हसली की लिफ्टमधून उतरणारा माणूस दचकला.

त्यांच्याकडे गवत असं वळतात. उंच, दांड्याचं गवत असतं. एक टोक दातात धरून काडी उभी चिरायची, दोन भाग करायचे, मग एकेक भाग नडगीवर वळून त्याची दोरी करायची. ती मोठ्या भांड्यात रंग उकळून त्यात बुडवायची, वाळवायची, आणि मग टोपली. बुडापासून सुरू करून वर चढत जायचं. शेवटी बाहेर आलेली टोकं पात्याने कापायची. तिच्या आईच्या पुढच्या दातांत खाच पडलीय म्हणे, आयुष्यभर गवत चिरून. "माझी आई हसली की कळतं ती टोपलीवाली आहे," म्हणाली.

पाऊस तिथे थोडे महिने. बाजरी, भुईमूग निघाला की शेत मोकळं, मग बायका झाडाखाली बसतात. बाजरी म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी भोगीसारखी तीळ लावून भाकरी नेली तिला. तिने वास घेतला, तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाली, आम्ही याची उकड करतो, भाकरी माहीत नाही. पण वास घरचा आहे.

त्या झाडाखालच्या बायकांवर त्यांची घरं चालतात. एकीचा नवरा शहरात गेला तो परत आलाच नाही, एकीची पोरं शाळेत, एक म्हातारी अशी की तिला दिसत नाही पण बोटांनी विणते. पैसे काय फार मिळत नव्हते, कारण बाजाराच्या दिवशी व्यापारी येऊन ढिगाने उचलायचा आणि त्याच्या मनाला येईल तो भाव द्यायचा. ही शिकलेली, इंग्रजी बोलणारी, तरी तिथे नोकरी नाही. म्हणून पोरीला आईकडे ठेवून इथे आली. तेव्हा पोर रांगत होती. आता शाळेत जाते. आजीला आई म्हणते, आणि हिला?

"दुबईची मावशी," ती म्हणाली.

मी हातातली वात खाली ठेवली. म्हटलं, "अगं, तिला निदान शारजा तरी शिकव."

हसली. पण डोळे पुसले.

तर खरी गोष्ट अशी होती, बघ. मार्चमध्ये तिचं काँट्रॅक्ट संपत होतं. पुन्हा सही केली की अजून दोन वर्षं. तिची आई म्हणत होती, ये परत, आम्हा बायकांना तुझ्यासारखी एक हवीय, फोनवर बोलणारी, इंग्रजी जाणणारी, म्हणजे व्यापाऱ्याला मधे न घेता आम्ही थेट बाहेर पाठवू. पण थेट बाहेर घेणार कोण? एक तरी ऑर्डर नीट पार पडली पाहिजे, गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे, मग तिथल्या बायका धीर धरतील. नाहीतर सही. मी हे ऐकलं आणि आपल्या डोक्यात दुसरं काय येणार? संक्रांत जवळ आली होती.

आमच्या मराठी बायकांच्या गटाचं हळदीकुंकू तुला माहीत आहे. आलीस कुठे म्हणा तू! दर वर्षी तेच वाण. डिस्काउंटच्या दुकानातून प्लॅस्टिकचे डबे. पाच दिरहमला एक, म्हणजे आपले एकशेवीस रुपये, आणि झाकण कधी बसत नाही. माझ्या ओट्याखाली नुसती झाकणंच आहेत. मी म्हटलं, यंदा टोपल्या देऊ. लहान, वीतभर रुंदीच्या, कडीच्या.

गटाचं सगळं ठरवतात त्या अल मनखूलच्या वहिनी. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण सगळ्या त्यांना वहिनीच म्हणतात. पोळीभाजीच्या डब्यांचा आणि दिवाळीच्या फराळाचा मोठा व्यवसाय, आणि सोवळं-ओवळं इतकं की गणपतीच्या मोदकाला हात लावायचा तर आधी त्यांच्याकडे बघायचं. मनाने वाईट नाहीत हं. पण बाई कडक.

वहिनी म्हणाल्या, "टोपली शुभच आहे. पण एकीला लाल, एकीला पिवळी असं नको. सगळ्यांना सारखं पाहिजे."

मी हो म्हटलं. खाली जाऊन तिला सांगितलं, सगळ्या सारख्या, आणि आईला सांग, तुमच्याकडे मानाच्या बाईला देतात तशा कर. अगदी उत्तम.

महिन्याभराने मालाची गठडी आली, देराच्या कार्गोवाल्याकडून. आमच्या ह्यांनी आपल्या साइटच्या पिकअपमधून आणली आणि हॉलमध्ये टाकली. पोत्याची शिवण उसवली आणि मी कपाळावर हात मारला. सगळ्या टोपल्या चपट्या! हत्तीने पाय द्यावा तशा, एकावर एक, भाकऱ्यांची चवड. हे म्हणाले, "वाण म्हणून चटया द्यायच्यात का?" सून ऑफिसच्या कॉलवर होती, ती फोन कानाला लावूनच बघायला आली आणि "ओ माय गॉड" म्हणून परत गेली.

मी खाली धावले. ती ड्यूटी संपवून निघतच होती. वर आली, गठडी बघितली आणि म्हणाली, "मम्मा, बाथटब कुठे आहे?"

त्या अशाच पाठवतात गं! दाबून, म्हणजे जागा कमी लागते. पाण्यात बुडवायची, गवत मऊ पडतं, मग हाताने आतून बाहेर दाबत दाबत गोल करायची आणि वाळवायची. बांबूचं सूप पाण्यात घातलं तर माझी आजी मारायला धावली असती. पण हे बांबू नव्हे, हे पाण्याने जिवंत होतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, टब टोपल्यांनी भरलेला, हे टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "अंघोळ करायची की नाही या घरात?" म्हणे. म्हटलं, "अल्ला करीम. उद्या बघू."

ओल्या टोपल्या एकेक करून फुगत होत्या आणि ती सांगत होती, ही कुणाच्या हातची. "ही माझ्या मावशीची, बघा किती घट्ट, ती रागीट आहे. ही ढिली ती नव्या सुनेची, तिचं लक्ष फोनवर असतं. ही त्या न दिसणाऱ्या म्हातारीची." सारख्या कशाच्या असणार? लाल-पिवळा रंग सगळ्यांना तोच, पण एकीची लकेर दुसरीला नाही. बाल्कनीत बाहेरून दिसेल असं काही वाळत घालता येत नाही इथे, म्हणून सगळं घर टोपल्यांनी भरलं. नातीने सोफ्यावरून पाय उचलून घेतले. "आजी, धिस इज सो कूल," म्हणाली. तिला दर गोष्ट कूलच असते, पण या वेळी तिने फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी वहिनी टोपल्या बघायला आल्या. ती पण आली होती, सुट्टीचा दिवस होता तिचा, तरी मदतीला आली होती. वहिनींनी एक टोपली उचलली. खूश झाल्या. फिरवून बघितली, आतून हात फिरवला, मग कडी धरली. आणि थांबल्या. नाकाशी नेली.

"काकू," म्हणाल्या, "हे चामडं आहे."

खरंच होतं. कडीला वरून चामडं मढवलेलं, बारीक टाक्यांनी शिवलेलं, तपकिरी, इतकं सुबक की मला ते रंगवलेलं कापडच वाटलं होतं. वहिनींनी टोपली टेबलावर ठेवली आणि हात बेसिनला जाऊन धुतला.

"हळदीकुंकवाला चामड्याचं वाण? सवाष्णींच्या हातात?"

आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "वहिनी, गणपतीच्या आरतीला तुम्ही ढोलकी बडवता, ती काय भोपळ्याची असते?"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ढोलकी वाण म्हणून देत नाहीत."

यावर ह्यांनी पेपर वर केला.

तिला मराठी कळत नव्हतं, पण हात धुतलेला तिने बघितला होता. मला म्हणाली, "मम्मा, माझ्या आईच्या कामात काय चूक आहे?"

मी सांगितलं कसंबसं. देवाचं काम, चामडं, आमच्यात चालत नाही. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, बाजारच्या टोपलीला कडी नुसत्या गवताची असते. भरली की ती हाताला कापते. तुम्ही उत्तम म्हणालात म्हणून आईने आमची बकरी दिली. चामड्याचं काम बायका करत नाहीत, म्हणून मामाला बोलावलं, त्याला जेवू घातलं, सगळ्या कड्या मढवून घेतल्या. हात दुखू नयेत म्हणून.

आणि तिने पर्समधून छोटी कात्री काढली आणि एका कडीचे टाके कापायला लागली. "काही हरकत नाही," म्हणाली, "मी सगळ्यांचं काढून देते." एक टाका, दुसरा टाका. चामडं सुटलं तसा आतला गवताचा पीळ दिसायला लागला, खरखरीत. माझ्या डोळ्यांसमोर तिचा सहीचा कागद आला. ऑर्डर परत गेली की झाडाखालच्या बायका म्हणणार, बघा, व्यापारीच बरा.

वहिनी तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "थांब. रुको. कात्री ठेव." आणि आपला फोन काढला. "मी सासूबाईंना विचारते."

त्यांच्या सासूबाई वाईला असतात. नव्वदीच्या पुढे असतील. वहिनी कडक, तर सासूबाई म्हणजे सुप्रीम कोर्ट. मी म्हटलं, खलास. झालं.

स्क्रीनवर पहिल्यांदा नुसतं कपाळ दिसलं. "कोण गेलं?" सासूबाई म्हणाल्या.

"कोणी नाही हो आई. वाणाचं विचारायचंय." वहिनींनी टोपली कॅमेऱ्यासमोर धरली, बोटांच्या चिमटीत. सगळं सांगितलं.

"चामडं कशाला लावलंय?"

"कडीला."

"आणि बुडाला?"

"बुडाला गवत."

"मग बुडाला धरून द्या की गं. वाण काय विहिरीवरची बादली आहे, कडी धरून द्यायला? खाली दोन्ही हात लावून द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं. आत खणाचा तुकडा अंथर, त्यावर हरभरे, बोरं, ऊस, तिळगूळ. कडीला कुणाचा हात लागलाच तर घरी जाऊन धुवील. विणलंय कुणी?"

"आफ्रिकेतल्या बायकांनी. ही त्यांच्यातलीच."

कपाळ खाली गेलं, डोळे आले. बराच वेळ तिला बघितलं. "लांबून आलीय पोर. तिला जेवायला घातलंत का?"

घातलं नव्हतं. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "ती मोठी आई काय म्हणाली?"

माझ्या इंग्रजीची तुला कल्पना आहे. मी म्हटलं, "शी से, होल्ड फ्रॉम डाऊन. टू हँड."

तिचा चेहरा एकदम उजळला. "माझी आई पण हेच म्हणते," म्हणाली. त्यांच्यात एका हाताने देणं उद्धटपणाचं. मानाची वस्तू दोन्ही हातांनी, खालून धरून. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. मी मुकाट्याने पिठलंभात वाढायला उठले, आणि वहिनींनी आपणहून कांदा फोडला.

हळदीकुंकू आमच्याच बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये झालं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तरदाणी, सगळं. वहिनी दारात उभ्या राहून प्रत्येकीला बजावत होत्या, "खालून धरा हं, खालून. दोन्ही हात." त्यामुळे झालं काय, दर वर्षी डबे कसे, धर गं, घे गं, असे पटापट हातावर पडतात, पर्समध्ये जातात. यंदा प्रत्येक बाई थांबत होती. वाकत होती. दोन्ही तळवे पसरून टोपली घेत होती आणि छातीशी धरत होती.

ती कोपऱ्यात फोन घेऊन उभी. इथे साधे व्हिडिओ कॉल लागत नाहीत, वहिनींसारखंच तिनेही ते वेगळं ॲप लावलं होतं. पलीकडे झाड होतं. खरंच झाड, आणि त्याखाली बायका दाटीवाटीने, आणि मधे तिची आई, आणि आईच्या मांडीवर एक छोटी पोर. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. नातीला म्हटलं, सांग तिला काय म्हणायचं असतं. नात म्हणाली, "ईट धिस अँड टॉक स्वीट."

तिने खाल्ला. मग वहिनींकडे डोळा करून माझ्या कानात म्हणाली, "मम्मा, त्या आंटीला दोन द्या."

मी तोंडावर पदर धरला गं!

तेवढ्यात फोनवरून आईचा आवाज आला. काहीतरी म्हणत होती, मधेच थांबत होती. वहिनी जवळ आल्या. "काय म्हणतेय?" त्यांनी हिंदीत विचारलं.

ती म्हणाली, "आई म्हणते, मी एवढी वर्षं टोपल्या विकल्या. व्यापारी त्या पायाने सरकवतो. आज पहिल्यांदा बघितलं, माझी टोपली कुणी बाळंतिणीच्या लेकरासारखी घेतली."

वहिनींनी पदर सारखा केला. आम्ही कडीला हात लागू नये म्हणून खालून धरलं होतं, आणि तिकडे त्या माउलीला तो मान वाटला. आणि खरं सांगू का, तोपर्यंत तो मान झालाही होता. कधी झाला ते आम्हाला कळलं नाही.

सगळ्या गेल्यावर वहिनींनी आपली टोपली उचलली. दारापर्यंत खालून धरूनच नेली. मग थांबल्या. कडीत हात घातला, टोपली कोपरापर्यंत सरकवली, भाजी आणायला निघावं तशी, आणि लिफ्टचं बटण दाबलं. मागे न बघता म्हणाल्या, "काकू, तिला सांगा, दिवाळीच्या फराळाला मला हव्यात. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना. मोठ्या साइजच्या."

"कडी गवताची ना?" मी मुद्दाम विचारलं.

"फराळाने भरल्यावर हाताला कापेल," वहिनी म्हणाल्या. "चामड्याचीच." आणि लिफ्टचं दार मिटलं.

तिने मार्चमध्ये सही केली नाही. सोपं नव्हतं, बघ. एका दिवाळीवर काही जन्म जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. सुपरवायझर म्हणाला, वेडी आहेस, परत व्हिसा मिळेल का? ती म्हणाली, इन्शाल्ला लागणारच नाही. जाताना मला ती प्लॅस्टिकच्या पट्टीची चकती देऊन गेली, आणि माझ्याकडून वातींचा कापूस घेऊन गेली. कशाला ते विचारलं नाही.

घरी पोचल्यावर पोर आजीच्या मागे लपली. आठवडाभर विचारायची, "तू दुबईला परत कधी जाणार?" हे तिने मला व्हॉइस मेसेजमध्ये हसत हसत सांगितलं, पण हसू कसलं होतं ते मला कळलं. मी रोज संध्याकाळी खाली बसते ना, तर त्या टेबलाकडे बघवत नाही.

परवा फोटो आला. ती पोर झाडाखाली बसलीय, फ्रॉक गुडघ्यावर, नडगीवर गवत वळतेय, जीभ बाहेर काढून. मी विचारलं, "आता काय म्हणते तुला? आई म्हणते का?"

उत्तर आलं, "नाही मम्मा. अजून मावशीच म्हणून हाक मारते. पण आता ओरडून मारते."

मी म्हटलं, शाबास! ओरडते ना? मग घरची झालीस. परक्या माणसावर कोण ओरडतं?

तेच तुलाही सांगते. मी सुरुवातीला ओरडले, ते काय उगीच? तुझ्या वाट्याची टोपली आहे, त्या न दिसणाऱ्या म्हातारीच्याच हातची दुसरी. तिची लकेर मधेच वाकडी गेलीय आणि तीच सगळ्यांत सुंदर दिसते. सगळ्यांच्या टोपल्या मी पाण्यात घालून गोल केल्या, तुझी तेवढी आली तशीच चपटी ठेवलीय. ज्याची त्याने भिजवावी, ज्याची त्याने आकाराला आणावी. ह्यांना मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी बाथटब मोकळा पाहिजे. तर आता वीकेंड-बिकेंड काही सांगू नकोस. शुक्रवारी दुपारी निघ, ट्रॅफिक कमी असतो, पार्किंग माझ्यावर सोड. येताना काही आणू नकोस, नुसती ये. पण लवकर ये गं.